शिरक्याची बाटली किती दिवस टिकते?



आज मी तुम्हांला एका बाटलीची गोष्ट सांगणार आहे. बाटली शिरक्याची. शिरका म्हणजेच व्हिनेगर. गोव्यात माडाच्या सुरेपासून शिरका करतात. तिकडच्या माशामटणाच्या कालवणांत तो घालतात. आपल्या गावात तो पूर्वी फारसा कोणाला माहीत नव्हता. आता किराणा दुकानात मिळतो. मिरच्या, गाजर, लसूण, कांदे मुरवायला आपण तो आणतो.

परवा वर्गात एका बाईंनी विचारले, "गुरुजी, माझ्याकडं दोन वर्षांची शिरक्याची बाटली आहे. लोणच्याला चालंल का?"

प्रश्न लहान आहे. पण याच प्रश्नाला मी एकदा घाईने उत्तर दिले आणि दुसऱ्याचे नुकसान केले. ती हकीकत आधी सांगतो.

साल २००९. मी तेव्हा शाळेत शिकवीत होतो. शेजारच्या वहिनींचे यजमान मुंबईला कामाला होते. घरात पैशांची ओढाताण होती. वहिनींनी बचत गटातून कर्ज काढले. काचेच्या बावीस बरण्या आणल्या. गाजर, मिरची, लसूण शिरक्यात मुरवायचे आणि जत्रेत विकायचे, असा त्यांचा बेत होता.

सकाळची वेळ. मी शाळेला निघालो होतो. एक पाय चपलेत होता. वहिनी दोन बाटल्या घेऊन आल्या.

"गुरुजी, ह्याच्यावर काय लिहिलंय बघता का? ही नवी आहे. ही मागच्या साली फोडलेली. चालंल का?"

मी वरचे मोठे नाव तेवढे वाचले. म्हणालो, "शिरका आहे, वहिनी. शिरका काय नासतो थोडाच!"

"आंबट लई आहे. पाणी घालू का?"

"घाला की! निम्मं पाणी घातलं तरी काय बिघडतंय?"

एवढे बोलून मी चालू लागलो. खाली बारीक अक्षरे होती. ती मी वाचली नाहीत.

तीन आठवडे गेले. जत्रा दोन दिवसांवर आली. वहिनींनी बरणी उघडली, तर फस्सकन वायू बाहेर आला. वर पांढरी बुरशी. मिरच्या बुळबुळीत झालेल्या. दुसरी उघडली, तीही तशीच. बावीसच्या बावीस बरण्या त्यांनी परसात खड्डा खणून रिकाम्या केल्या.

मी पैसे देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. "तुम्ही काय मुद्दाम केलंत?" एवढेच म्हणाल्या. त्या उन्हाळ्यात त्यांनी काजूच्या बागेत मजुरी केली आणि कर्ज फेडले. रोज सकाळी त्या माझ्या दारावरून कामाला जात. मला मान वर करून बघवत नसे.

ज्या दिवशी बरण्या पुरल्या, त्या रात्री मी ती रिकामी बाटली मागून आणली. चष्मा लावला. दिव्याखाली धरून वाचली. बारीक अक्षरांत लिहिले होते : आंबटपणा ४ टक्के.

मंडळी, मी मुलांना टक्केवारी शिकवणारा मास्तर. हिशेब अगदी सोपा होता. १०० मिलिलिटर शिरक्यात ४ ग्रॅम आम्ल. त्यात तेवढेच पाणी घातले. झाले २०० मिलिलिटर. आम्ल मात्र तेच ४ ग्रॅम. म्हणजे आता १०० मिलिलिटरला २ ग्रॅमच आम्ल राहिले. त्यात गाजराच्या आणि मिरचीच्या अंगचे पाणी सुटले. मग आम्ल आणखी पातळ झाले. एवढ्याशा आम्लाने लोणचे कसे टिकणार?

आता हे आम्ल काय काम करते ते पाहू.

उसाचा रस, सुरा, फळांचा रस, हे सारे गोड असतात. गोड रस ठेवला की आंबतो. आधी त्याची दारू बनते. मग एका जातीचे बारीक जंतू हवेच्या मदतीने त्या दारूचे आम्ल करतात. त्याला असेटिक आम्ल म्हणतात. हे काम जंतूंचे आहे, असे फ्रान्स देशातील शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८६४ साली दाखवून दिले. हे आम्ल पुरेसे असले, की अन्न नासवणारे जंतू त्यात वाढत नाहीत. म्हणून शिरका स्वतः टिकतो आणि भाजीलाही टिकवतो. आम्ल कमी पडले, की दोन्ही बिघडते.

आता त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर देतो.

बाटलीचे सील फोडलेले नसेल आणि ती सावलीत असेल, तर शिरका वर्षानुवर्षे टिकतो. त्याचा रंग थोडा गडद होईल. तळाशी गाळ बसेल. तेवढ्याने तो वाईट होत नाही. कधी त्यात सायीसारखा मऊ पापुद्रा धरतो. तो शिरका करणाऱ्या जंतूंचाच असतो. तो विषारी नाही. गाळून काढावा. पण अशा शिरक्याचा उपयोग जेवणात करावा. टिकवणीच्या लोणच्याला नवी बाटली घ्यावी.

फोडलेल्या बाटलीचे तसे नाही. तिचे झाकण घट्ट लावले पाहिजे. झाकण उघडे राहिले, की हवा लागते, चिलटे पडतात. मग तेच जंतू हवेच्या जोरावर आम्लही खाऊन टाकू शकतात. शिरका दिसायला तसाच दिसतो, पण त्याचा जोर कमी होतो. म्हणून माझा सांगावा असा : बाटली फोडाल त्या दिवशी कागदाच्या तुकड्यावर तारीख लिहा आणि बाटलीला चिकटवा. तुम्हांला आता लिहिता येते. वर्ष उलटले की ती बाटली लोणच्याला घेऊ नका. चटणीला, कालवणाला घ्या.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट. कृतीत सांगितले नसेल तर शिरक्यात पाणी घालू नका. फार आंबट लागला तर थोडी साखर घाला. साखरेने जिभेला आंबट कमी लागते, पण आम्ल कमी होत नाही.

दुसरी गोष्ट. एका लोणच्याचा उरलेला शिरका दुसऱ्या लोणच्याला वापरू नका. त्यात पहिल्या भाजीचे पाणी उतरलेले असते.

तिसरी गोष्ट. घरी केलेला शिरका खायला चांगला. पण त्यात आम्ल किती, हे आपल्याला मोजता येत नाही. जिभेला टक्के कळत नाहीत. म्हणून टिकवणीच्या लोणच्याला तो नको.

चौथी गोष्ट. ताक पितळेच्या भांड्यात कळकते, हे तुमच्या आजीने सांगितले असेल. शिरक्याचेही तसेच आहे. तांबे, पितळ, जस्त, ॲल्युमिनियम यांच्या भांड्यात तो ठेवू नका. काचेची किंवा चिनी मातीची बरणी घ्या. बरणी धुऊन कोरडी करा. भाजी शिरक्यात पूर्ण बुडाली पाहिजे.

पाचवी गोष्ट. नुसते तीव्र असेटिक आम्ल स्वस्त पडते म्हणून आणू नका. घरी त्यात पाणी घालून शिरका करू नका. त्याने कातडी भाजते. डोळ्यात उडाले तर डोळा जाऊ शकतो.

आणि लोणच्याबद्दल शंका आली, तर चाखून पाहू नका. काही जंतूंचे विष असे असते, की त्याला वासही नसतो आणि चवही नसते. झाकण फुगले, बुरशी आली, फेस आला, की सरळ खड्ड्यात पुरा. गुरांनाही घालू नका. एका बरणीसाठी जीव धोक्यात घालू नये.

आता बाटली कशी वाचायची ते सांगतो. बाटलीवर पुष्कळदा इंग्रजी असते. घाबरू नका. आपण इंग्रजी आकडे मागच्या महिन्यात शिकलो. इंग्रजी आठ आपल्या चारासारखा दिसतो. त्याने फसू नका. आकड्यापुढे टक्क्याची खूण शोधा. दोन लहान शून्ये आणि मध्ये तिरकी रेघ, अशी ती असते. तो आकडा ५ असेल, तर शिरका टिकवणीच्या लोणच्याला चांगला. ४ असेल, तर लोणचे थोडेच घाला आणि लवकर संपवा. आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे १०० मिलिलिटर शिरक्यात निदान पावणेचार ग्रॅम आम्ल असले पाहिजे. आम्लात पाणी घालून कारखान्यात केलेला शिरका असेल, तर 'सिंथेटिक' असे बाटलीवर छापावे लागते. सुटा शिरका बाटलीत भरून कोणी दिला, तर त्यावर काहीच लिहिलेले नसते. असा शिरका लोणच्याला घेऊ नका.

वाचताना अडले तर शाळेत जाणाऱ्या नातवाला विचारा. मला विचारले तरी चालेल. पण मी उत्तर देण्याआधी चष्मा लावला की नाही, तेवढे बघा!

शेजारच्या वहिनी पुढे आपल्या या रात्रीच्या वर्गात आल्या. अक्षरे शिकल्या, आकडे शिकल्या. आता त्या पुन्हा जत्रेत लोणचे विकतात. गेल्या महिन्यात मी त्यांच्या पडवीत बसलो होतो. त्यांनी नवी बाटली हातात घेतली. डोळ्यांजवळ नेली. एकेक अक्षर लावून वाचले. मग बाटली माझ्याकडे दिली आणि म्हणाल्या, "पाच टक्के आहे, गुरुजी. बघा बरोबर वाचलं का."

मी चष्मा काढून पुसला आणि मग वाचले. त्यांनी बरोबर वाचले होते.

तर मंडळी, आज घरी गेल्यावर फळीवरची शिरक्याची बाटली खाली काढा. तिच्यावरचा टक्क्याचा आकडा पाटीवर लिहा. फोडल्याची तारीख आठवत असेल, तर तीही लिहा. ज्यांच्या घरी शिरका नाही, त्यांनी तेलाच्या किंवा औषधाच्या बाटलीवरचे आकडे लिहावेत. उद्या येताना पाटी घेऊन या. आपण सगळ्यांच्या पाट्या वाचू.