मदतीला अट नको

भगिनींनो, गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट सांगते. १५५९ साली त्यांच्या राजाचा हुकूम निघाला : पोरक्या हिंदू मुलांना पाद्र्यांच्या ताब्यात द्यायचं, ख्रिस्ती करायचं. पुढे तर बाप वारला की आई जिवंत असतानाही मूल पोरकंच धरू लागले. बाईनं नवऱ्यासाठी रडायचं की लेकरू लपवायचं? कित्येक घरं मुलांना घेऊन राज्याबाहेर पळाली.

आज ते राज्य नाही, पण माणसाची अडचण आहेच. औषध, फी, धान्य हवं तर आधी आमच्या प्रार्थनेला या, असं कुणी म्हणालं तर ती मदत नव्हे, सौदा झाला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं : आपला धर्म समजावून सांगायचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर घडवायचा नाही.

म्हणून गटाचं कर्ज अडलेल्या बाईला वेळेवर द्या, म्हणजे तिला कुणापुढे वाकावं लागणार नाही. आणि एखादीनं मनापासून धर्म बदलला, तर तो तिचा हक्क. तिला गटातून तोडू नका. जबरदस्ती कुणाचीच नको.