उन्हाळ्याची सुटी आणि नववींतील विद्यार्थी

खानदेशांत वैशाख म्हणजे दुपारीं रस्ते ओस पाडणारा महिना. जळगांव-भुसावळकडे पारा कित्येकदां पंचेचाळिसाच्या घरांत जातो. धुळ्यासही फारसा दिलासा नसतो. वार्षिक परीक्षा आटोपलेली असते आणि तेरा-चौदा वर्षांचें मूल घरांत कोंडलेलें असतें. अशा वेळीं सुशिक्षित कुटुंबांत दरवर्षीं एकच प्रश्न निघतो : या सुटींत मुलाला कांहीं शिकावयास कोठें धाडावें ?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. आठवी-नववींतील मूल अडनिड्या वयाचें. बालशिबिरांतील कागदकामाला तें कंटाळलेलें असतें आणि महाविद्यालयीन वर्गांत त्यास प्रवेश नसतो. ही पोकळी शिकवणीचे वर्ग तत्काळ भरून काढतात. पुढील इयत्तेचें पुस्तक मे महिन्यांतच संपविण्याचें आश्वासन मिळतें, आणि सुटी सत्कारणीं लागल्याचें समाधान पालकांस लाभतें. परंतु जो धडा जूनमध्यें व्हावयाचा तो मेमध्यें झाला, यापलीकडे मुलाच्या पदरीं काय पडतें ? शाळेंत जें मिळत नाहीं तें मिळालें, तरच उन्हाळी अभ्यासाला अर्थ आहे.

म्हणून पैसे भरण्यापूर्वीं तीन गोष्टी विचारून घ्याव्या. शिकविणारा त्या विषयांत स्वतः काम करणारा आहे काय ? मूल तेथें स्वतःच्या हातांनीं कांहीं करणार आहे काय ? आणि प्रवेश कशावर मिळतो, आवडीवर व तयारीवर, कीं केवळ शुल्कावर ?

या कसोटीस उतरणारें एक उदाहरण म्हणजे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेनें 2019 सालीं सुरू केलेला ‘युविका’ हा उपक्रम. तो नववीच्याच विद्यार्थ्यांसाठीं आहे. निवडलेलीं मुलें सुमारें दोन आठवडे अहमदाबाद, तिरुवनंतपुरम् यांसारख्या केंद्रांवर राहतात, प्रयोगशाळा पाहतात आणि शास्त्रज्ञांस प्रश्न विचारतात. निवास-भोजनाचा खर्च संस्था करते. आठवीचे गुण, विज्ञान प्रदर्शनांतील सहभाग वगैरे गोष्टींबरोबरच ग्रामीण शाळेंत शिकत असल्यासही निवडींत वजन दिलें जातें. विद्यार्थ्याबरोबर एका पालकाचेंही रेल्वेभाडें मिळतें. ‘मुलीला एवढ्या दूर कशी धाडावी’ असें म्हणून जेथें भावाचा अर्ज जातो आणि बहिणीचा राहतो, त्या घरांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत घ्यावी.

दुसरें उदाहरण मुंबईचें. 1974 सालीं स्थापन झालेलें होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आज मानखुर्दला आहे. कनिष्ठ विज्ञान ऑलिम्पियाडच्या अखेरच्या टप्प्यापर्यंत आलेल्या मोजक्या मुलांचें शिबिर तेथें उन्हाळ्यांत भरतें. पण त्या वाटेवरची पहिली परीक्षा नोव्हेंबरांत होते आणि तिची नोंदणी त्याहूनही आधीं. युविकेचे अर्जही फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निघतात. जे पालक एप्रिल संपतां संपतां चौकशीस लागतात, त्यांच्या हातीं बहुधा जाहिरातीच उरतात. उन्हाळ्याचा विचार दिवाळींतच व्हावयास हवा.

तरीही पुष्कळ मुलांची निवड होणार नाहीं. त्यांनीं हिरमुसून बसावें काय ? खानदेश इतका दरिद्री नाहीं. चाळीसगांवजवळच्या पाटण येथें इ. स. 1207 चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापन केल्याची नोंद त्यांत आहे. गणित-ज्योतिषाचें अध्ययन या भूमीस परकें नव्हे. इतिहासाची गोडी असेल त्याला धुळ्याचें राजवाडे संशोधन मंडळ आहे. 1926 सालीं धुळ्यासच निवर्तलेल्या इतिहासाचार्यांचा कागदपत्रांचा संग्रह तेथें जपलेला आहे.

आणि ज्याला विज्ञान आवडतें त्यानें अंगणांत एक सरळ काठी उभी करावी. एप्रिलपासून रोज मध्यान्हीं तिची सर्वांत आंखूड सावली मोजावी, वेळ लिहावी आणि आलेख काढावा. 25 मेच्या आसपास जळगांव-धुळ्यावर सूर्य मध्यान्हीं अगदीं माथ्यावर येतो व सावली पायाशीं लोपते. तो दिवस मुलानें आलेखावरून आधींच सांगावा. एक मित्र जळगांवीं व दुसरा धुळ्यास असेल, तर दोघांनीं वेळा पडताळून पाहाव्या. धुळ्याची मध्यान्ह सुमारें तीन मिनिटें उशिरा येते. कारण धुळें पश्चिमेस आहे आणि रेखांशाच्या एका अंशाला पृथ्वीस चार मिनिटें लागतात. हें पुस्तकांतून पाठ करणें वेगळें आणि स्वतःच्या वहींतून काढणें वेगळें.

अशी एक वही हातीं असलेलें मूल पुढील वर्षीं कोठेंही अर्ज करावयास गेलें, तरी त्याच्यापाशीं सांगण्यासारखें कांहीं असतें. पालकांनीं त्यास मध्यान्हीं डोक्यावर ओला पंचा, जवळ पाण्याचा तांब्या आणि वहीकडे रोज एकदां पाहण्याइतका वेळ द्यावा. शुल्क भरण्यापेक्षां हें थोडें कठीण आहे, पण अधिक उपयोगाचें आहे.