अळिंबीची जागा ताटात



तापी-गोमाईच्या संगमावर, केदारेश्वराच्या या प्रकाशा नगरीत स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. १९५५ साली इथल्या टेकाडाच्या उत्खननात ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती उजेडात आली. हजारो वर्षे या काठाने माणसे पोसली. त्याच काठावर आज अळिंबीचा विचार होतो आहे. त्याबाबत माझे एकच सांगणे आहे: अळिंबीला औषधाच्या बाटलीत कोंडू नका, तिला रोजच्या ताटात जागा द्या.

त्यामागे कारण आहे. धिंगरी या अळिंबीच्या पेशीभित्तिकेतले बीटा-ग्लुकान आणि कायटिन पचवणारी पुरेशी विकरे आपल्या पोटात नाहीत. ते मोठ्या आतड्यात पोहोचतात, तिथले जीवाणू ते आंबवतात आणि ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही मेदाम्ले तयार करतात. ब्युटिरेटवर आतड्याचे अस्तर पोसले जाते. अस्तर धड असले की दाह वाढवणारे जीवाणूंचे अंश रक्तात झिरपत नाहीत, आणि चरबी साठवण्या-वापरण्याचा शरीराचा मेळ सहसा ढळत नाही. २०१५ साली तैवानच्या संशोधकांनी स्निग्ध आहारावरच्या उंदरांना गॅनोडर्मा या औषधी अळिंबीचा अर्क दिला, तेव्हा त्यांचे वजन कमी वाढले. त्यांच्या विष्ठेतले जीवाणू दुसऱ्या उंदरांना दिले, तर त्यांच्यातही तोच गुण उतरला. म्हणजे या कामात जीवाणूंचा मोठा वाटा होता.

उंदरांवरून माणसाचे कसे ठरवायचे, हा आक्षेप रास्त आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटात निरोगी माणसांनी दहा दिवस रोज २२६ ग्रॅम बटन अळिंबी खाल्ली. मांसाहाराच्या तुलनेत जीवाणूंचे प्रमाण बदलले, पण विष्ठेतल्या मेदाम्लांत फरक दिसला नाही. एवढ्या पुराव्यावर वजन उतरवणारी पुडी विकणे अप्रामाणिकपणाचे होईल. जीवाणू मात्र रोजच्या अन्नावर जगतात. म्हणून भाकरी, डाळ, पालेभाजीच्या सोबतीने वरचेवर खाल्लेली अळिंबी हाच मला शहाणपणाचा मार्ग वाटतो.

दुसरा आक्षेप याहून जिव्हारी लागणारा आहे: कुपोषणाशी झुंजणाऱ्या आपल्या नंदुरबार जिल्ह्यात चरबीची चर्चा कशाला? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात याचे उत्तर आहे. तिथली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने कमी होती, पण त्यांच्या अंगातली चरबी त्या मानाने टिकून होती. आज हडकुळे दिसणारे मूल उद्या मधुमेहाच्या वाटेला लागू शकते. उपासमार आणि चरबीचा बिघाड हे आपल्याकडे एकाच घरात नांदतात.

धिंगरी केळीच्या वाळल्या पानांवर, गव्हाच्या काडावर वाढते, आणि शहादा परिसरात त्यांना तोटा नाही. रानातली अनोळखी छत्री मात्र कुणी तोंडात घालू नये, विषाची परीक्षा नको. शेताच्या उरल्यासुरल्यातून पिकलेली अळिंबी आश्रमशाळेच्या, अंगणवाडीच्या ताटापर्यंत कशी पोहोचेल, याचा विचार या परिषदेत व्हावा, अशी माझी विनंती आहे.