प्रवेशाची मुलाखत आणि घरच्या शेळ्या

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात एका सेवानिवृत्त पशुधन विकास अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी मला 'पशुवैद्यकीय प्रवेशाची मुलाखत' हा विषय दिला आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्या महाराष्ट्रात या प्रवेशासाठी तोंडी मुलाखत नाही. बारावीला जीवशास्त्र घ्यायचे, नीट परीक्षा द्यायची आणि त्या गुणांवर नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांत जागा मिळवायची. हे विद्यापीठ २००० साली झाले. त्याआधी ही महाविद्यालये कृषी विद्यापीठांकडे होती. मुंबईचे महाविद्यालय तर १८८६ सालचे. मग मुलाखतीवर मी काय बोलणार? मी दोन मुलाखती जवळून पाहिल्या, एक माझी आणि एक माझ्या नातीची. त्याच सांगतो.

माझी पहिली मुलाखत घरातच झाली. साल १९७४. पशुवैद्यकीयला नंबर लागेल असे दिसताच वडील उखडले. "बाबासाहेबांनी महाडला सांगितलं म्हणून आम्ही मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, आन् तू पैसे भरून ढोरांत चाललास?" माझ्याकडे उत्तर नव्हते. शेजारचे गुरुजी बसले होते, त्यांनी समजूत घातली. शेवटी वडिलांनी एवढेच विचारले, "नावापुढं डॉक्टर लिहिता येतं का?" गुरुजी म्हणाले, येते. "मग जाऊ दे." फीसाठी मायने तिच्या तीन शेळ्यांपैकी एक आणि एक बोकड विकला.

दुसरी मुलाखत महाविद्यालयात. पोस्टाने आलेल्या पत्राला तेव्हा 'इंटरव्ह्यू कॉल'च म्हणत. प्रत्यक्षात तो कागद तपासण्याचा कार्यक्रम होता. टेबलामागे तीन जण, त्यांतले दोघे गुणपत्रिका आणि दाखले उलटून पाहत होते. तिसरे एक वयस्कर प्राध्यापक. त्यांनी मान वर करून सहज विचारले, "घरी जनावरं आहेत का?"

मी म्हणालो, "नाही सर."

माझ्या आधीचा मुलगा वीस म्हशींचा गोठा सांगून गेला होता. त्याच्यापुढे दोन शेळ्या काय सांगायच्या, असे मला वाटले. शेळ्या म्हणजे आमची वस्ती, आमचे दारिद्र्य, हेही मनात होते. वास्तविक त्या शेळ्यांवर माझे शिक्षण चालले होते. आडवे आलेले करडू हाताला तेल लावून सरळ करताना मी मायला कंदील धरला होता. पुढे तिसऱ्या वर्षी प्रसूतिशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर तेच काढून दाखवले, तेव्हा मी वहीत मुकाट्याने उतरवून घेतले. सर्व मुलांत ते आधी पाहिलेला बहुधा मी एकटाच होतो.

आता नातीची मुलाखत. माझी मुलगी इंग्लंडमध्ये असते. तिच्या मुलीला हाच अभ्यासक्रम हवा होता. तिकडे अर्ज १५ ऑक्टोबरच्या आत करावा लागतो आणि पशुवैद्यकीयसाठी जास्तीत जास्त चारच ठिकाणे निवडता येतात. नुसते गुण पुरत नाहीत. गोठ्यावर, मेंढ्यांच्या वाड्यावर, दवाखान्यात काम केल्याचा अनुभव बहुतेक ठिकाणी विचारतात. त्यानंतर मुलाखत. बऱ्याच महाविद्यालयांत ती एका टेबलासमोर होत नाही. लहान लहान मुलाखतींची रांगच असते. एका ठिकाणी काही मिनिटे बोलायचे, घंटा झाली की पुढे. प्रत्येक ठिकाणी परीक्षक वेगळा, प्रश्न वेगळा. कुठे औषधाच्या मात्रेचे गणित, कुठे रागावलेला मालक समोर बसवलेला. ही पद्धत कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी काढली. कल्पना अशी की एका परीक्षकाची मर्जी बिघडली तर मुलाचे वर्ष जाऊ नये. मला हे पटले.

पहिल्या वर्षी, २०२२-२३ च्या हिवाळ्यात, तिला तीन ठिकाणांहून बोलावणे आले आणि तिन्हीकडून नकार आला. पोरगी आठ दिवस धड जेवली नाही. पुढच्या हिवाळ्यात मी तिच्याकडे होतो. स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून तिची तयारी घेऊ लागलो. तिची सगळी उत्तरे पाठ होती. 'मला लहानपणापासून प्राण्यांची आवड आहे' हे वाक्य तर आलेले प्रत्येक मूल म्हणत असणार.

मी विचारले, एक माणूस घर बदलतो आहे, धडधाकट कुत्र्याला इंजेक्शन देऊन मारा म्हणतो, काय करशील? ती म्हणाली, नकार देईन. म्हटले, बरोबर. निरोगी जनावर मारायला तिथला डॉक्टर बांधलेला नाही. पण मग कुत्रा संध्याकाळी कुठे जाईल? ती गप्प. मी तिला आपल्याकडचा म्हातारा बैल सांगितला. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवर बंदी आहे, मालकाकडे कडबा नाही, आणि तो आपल्याला विचारतो, डॉक्टरसाहेब, याचं काय करू? अशा वेळी आधी त्याच्याजवळ बसावे लागते. घरात कोण आहे, कर्ज किती, चारा किती दिवसांचा, हे विचारावे लागते. नोकरीत मला हे शिकायला दहा वर्षे लागली, आणि त्या परीक्षकांना ते काही मिनिटांत पाहायचे असते!

मग विचारले, मेंढ्यांच्या वाड्यावर काय केलेस? तिने यादी म्हणून दाखवली. मी म्हटले, काही बिघडले का? ती म्हणाली, "आबा, ते नाही सांगायचं. तिथं मी चुकले." जन्मलेल्या कोकरांच्या नाळेला आयोडीन लावायचे काम तिच्याकडे होते. एका रात्री बरीच कोकरे झाली. काही दिवसांनी एका कोकराचे सांधे सुजले आणि ते मेले. आपल्या हातून सुटलेले तेच असावे, असे तिला वाटत होते. खात्री नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती आयोडीन लावलेल्या प्रत्येक कोकराच्या पाठीवर रंगाची खूण करू लागली. वाड्याच्या मालकाने पुढे तीच पद्धत ठेवली.

हे तिने तिन्ही मुलाखतींत लपवले होते. त्या रात्री मी तिला माझ्या शेळ्यांची गोष्ट सांगितली. एकोणपन्नास वर्षे ती मी कोणालाच सांगितली नव्हती, तिच्या आजीलासुद्धा नाही. मायला तर नाहीच नाही. ती १९९१ साली गेली.

त्या वर्षी नातीने कोकराची गोष्ट सांगितली. परीक्षक बाईंनी म्हणे रंगाच्या खुणेबद्दलच जास्त विचारले, आणि घंटा झाली तरी तिचे बोलणे संपेना. चारपैकी एका ठिकाणी प्रवेश मिळाला. बाकीचे नकारच आले, हेही सांगितले पाहिजे.

आता पुढे बसलेल्या मुलामुलींसाठी कामाचे बोलतो. तुम्हाला प्रवेशाच्या वेळी कोणी 'घरी जनावरं आहेत का' असे विचारणार नाही. कागद मात्र विचारतील. राखीव जागेवर जायचे असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच आपल्या महाविद्यालयामार्फत करा, निकालाची वाट पाहू नका. वडिलांच्या, आजोबांच्या शाळेचे दाखले आताच काढून ठेवा. नावात काना-मात्रेचा फरक असेल तर तो आज दुरुस्त होतो, जुलै महिन्यात होत नाही. मूळ प्रती एका पिशवीत, झेरॉक्स दुसऱ्या पिशवीत. हे ऐकून काही जण हसत आहेत. १९७४ साली त्या महाविद्यालयाच्या व्हरांड्यात माझ्या शेजारी बाकावर एक मुलगा बसला होता. गुण माझ्यापेक्षा जास्त. दाखल्याची मूळ प्रत गावी राहिली होती. गाव एसटीने सात तासांवर. उद्या आण म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला तेव्हा यादी लागून गेली होती.