वाघ कुणी उठवला?

(कोल्हापूर येथील वनहक्क मेळाव्यात केलेलं भाषण)

राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, गगनबावड्याकडून आलेल्या आज्या, मावश्या आणि दादालोकांनो,

आज आम्ही वस्तुसंग्रहालयावर बोलणार आहोत. कुणी म्हणेल, इथं दावे पडून आहेत आणि ह्या पोरांना म्युझियम कुठलं सुचतंय? दाव्यासाठीच बोलतोय. जरा ऐकून घ्या.

नवीन राजवाड्यात पेंढा भरलेले वाघ आहेत, अस्वलं आहेत, गवे आहेत. राजाची शिकार म्हणून आपण बघतो आणि पुढं सरकतो. पण वाघ काय आपल्या पायानं बंदुकीपुढं येऊन उभा राहिला? हाका घालायला माणसं लागायची. ढोल, डबे बडवत रान उठवायचं, जनावर पुढं काढायचं. ते काम रानाची पायवाट न् पायवाट माहीत असलेल्या माणसाचंच. दाजीपूरचं रान संस्थानाचं शिकारीचं रान होतं. 1958 ला तिथं अभयारण्य झालं, पुढं वाढून राधानगरी अभयारण्य 351 चौरस किलोमीटरचं झालं, 2012 ला जागतिक वारशाच्या यादीत गेलं. रान वारसा झालं, वाघ काचेत गेला, आणि हाका घालणाऱ्याचा नातू आज 'अतिक्रमण' ह्या रकान्यात आहे.

आता कायदा बघा. 2006 च्या वनहक्क कायद्यात आदिवासींना 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा ताबा दाखवायचा आहे. गवळी धनगर आणि बाकीच्या वननिवासींना मात्र त्या तारखेआधी तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. बोटावर मोजा, 1930 साल येतं. तेव्हा इथं कलेक्टर कुठला, दरबार होता. संस्थान विलीन झालं 1 मार्च 1949 ला. म्हणजे जुना कागद शोधायचा तर दरबारी दप्तरात, जुन्या नकाशात, शिकारीच्या फोटोतच शोधावा लागणार. आणि नियम 13 मध्ये हे चालतं असं लिहिलंय! पूर्वीच्या संस्थानाचे नकाशे, हक्क-सवलतींचे कागद, गॅझेटियर, चालीरीतींचे अभ्यास, जुन्या विहिरी, दफनभूमी, देवाची ठिकाणं, वंशावळ, म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब. एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे असतात. फक्त दंडाची पावती आणा म्हणणाऱ्या साहेबाला हा नियम वाचून दाखवा.

मागं आम्ही एका आज्जीला एका संग्रहालयात नेलं होतं. नाव घेत नाही. तिथं म्हशीच्या गळ्यातली लाकडी घंटा टांगलेली. खाली चिठ्ठी, 'लाकडी घंटा, ग्रामीण.' एवढंच. आज्जी थांबली. म्हणाली, "ही आमच्याकडची हाय. हिचा आवाज दाट धुक्यातबी वळखू येतो." कुठल्या झाडाचं लाकूड, आतला लोळा कशाचा, कुठल्या पठारावर म्हशी चरायच्या, सगळं सांगायला लागली आणि हात पुढं केला. पहारेकरी वरडला, हात लावू नका. तोही बिचारा पगारी माणूस. पण आज्जी जे बोलत होती ते लिहून घ्यायला तिथं कुणी नव्हतं. त्या चिठ्ठीवर वाडीचं नाव आणि आणल्याचं साल असतं, तर ग्रामसभेपुढं ठेवायला एक कागद झाला असता.

टाऊन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली समुद्रदेवाची छोटी मूर्ती आहे, रोमकडून आलेली. तिचं गाव माहीत आहे, देव माहीत आहे. दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आलेल्या पाहुण्याचा पत्ता लागतो, मग चाळीस कोसावरच्या घंटेचा का लागू नये?

हल्ली 'सर्वांना सामावून घेऊ' असं ऐकतो. बरं आहे. पण दारात धनुष्यबाणवाला पुतळा उभा केला की झालं, असं नको. पुतळ्याला सातबारा लागत नाही. आपल्याला पाहिजे ती यादी. रानपट्ट्यातली कुठली वस्तू, कुठला फोटो, कुठला नकाशा तुमच्याकडं आहे, कुठल्या गावचा, ते ग्रामसभेला कळवा. अमेरिकेत 1990 ला कायदा झाला. तिथल्या संग्रहालयांना मूळनिवासींच्या पूर्वजांच्या अस्थी आणि पूजेच्या वस्तूंची माहिती त्या त्या जमातीला द्यावी लागते, मागितल्यावर परतही करावी लागते. तर इथं यादी मागणं काही जगावेगळं नाही.

आणि सगळं दुसऱ्यानंच करावं असंही नाही. घाट उतरून कुडाळजवळ पिंगुळीला जा. ठाकर समाजाच्या परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय थाटलं, चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या. 2021 ला त्यांना पद्मश्री मिळाली. बाहुली दाखवणारा तोच, नाचवणारा तोच, गोष्ट सांगणाराही तोच. गोठा आपल्याकडंही आहे.

म्हणून घरातलं जुनं इरलं, घंटा, मापटं, घोंगडं फिरत्या व्यापाऱ्याला किलोवर देऊ नका. पुढच्या ग्रामसभेला घेऊन या. कुणाचं, कुणी केलं, कुठल्या रानातलं, हे म्हाताऱ्या माणसांनी सांगायचं, आम्ही लिहून घेऊ, वाचून दाखवू, मग अंगठा किंवा सही. ज्यांना चालवत नाही त्यांच्या वाडीवर आम्ही येतो. वही घेतलेली आहे.