मीटरमधल्या दिव्याचं ऐका

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



पुणे-नाशिक रस्त्यावर, नारायणगावजवळ, माझं गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज आहे. टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की इथून पिकअप गाड्या रात्रीच्या रात्री भरून निघतात. घाट उतरायचा, पहाटे वाशीच्या बाजारात माल खाली करायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या भाड्याला परत हजर व्हायचं, असा या चालकांचा दिनक्रम. गेली २८ वर्षं हीच मंडळी माझं गिऱ्हाईक आहेत. अलीकडे त्यांच्या तोंडून एक वाक्य फार वेळा ऐकायला मिळतं : "मीटरमध्ये स्टेअरिंगचा दिवा लागतोय, तेवढा घालवून द्या." हा दिवा काय सांगतो आणि तो नुसता 'घालवून देणं' धोक्याचं का आहे, याविषयी आज बोलणार आहे.

जुन्या पिकअपचं स्टेअरिंग म्हणजे चालकाच्या दंडाची परीक्षा असे. भरली गाडी वळवताना घाम फुटायचा. मग पॉवर स्टेअरिंग आलं. त्यात इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेलाचा दाब तयार करतो आणि तो दाब चाकं वळवायला मदत करतो. अनेक मोठ्या पिकअपमध्ये आजही हीच पद्धत आहे. त्यापुढची पायरी विजेच्या स्टेअरिंगची. टाटांची इंट्रा ही छोटी मालवाहू गाडी २०१९ साली आली, ती असं स्टेअरिंग घेऊनच. अमेरिकेतल्या पिकअपमध्ये तर ते त्याआधीच रुळलं होतं.

याचं काम समजायला अवघड नाही. तुम्ही स्टेअरिंगला किती जोर लावता, हे एक सेन्सर मोजतो. तो आकडा एका छोट्या संगणकाकडे जातो. गॅरेजमध्ये त्याला 'ईसीयू' म्हणतात. गाडीचा वेगही त्याला कळत असतो. दोन्हींचा हिशेब करून तो एका विजेच्या मोटरला सांगतो, की आता इतका जोर लाव. गाडी जागच्या जागी वळवताना मोटरला सगळ्यात जास्त करंट लागतो, सरळ रस्त्यावर फारच थोडा. तेलाचा पंप मात्र गरज असो वा नसो, इंजिनबरोबर फिरतच राहतो. म्हणून विजेच्या स्टेअरिंगमुळे थोडं इंधनही वाचतं.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. या गाड्यांमध्येही स्टेअरिंग आणि पुढची चाकं लोखंडी दांड्यांनी जोडलेलीच असतात. मोटर बंद पडली तरी गाडी वळते. जाते ती मोटरची मदत, आणि स्टेअरिंग एकदम जड होतं. सवय नसलेल्या चालकाला वाटतं, की स्टेअरिंग लॉकच झालं.

तेलाचं स्टेअरिंग बिघडायच्या आधी बहुतेक वेळा सांगून ठेवायचं. पट्टा सैल झाला की किंचाळायचा, तेल कमी झालं की पंप घुरघुरायचा, सकाळी गाडीखाली तेलाचा डाग दिसायचा. चांगला चालक कानानं आणि हातानं दुखणं ओळखायचा. विजेच्या स्टेअरिंगची बरीच दुखणी आवाज करत नाहीत आणि डागही पाडत नाहीत. ईसीयूला काही खटकलं तर त्याच्याकडे सांगायला मुख्यतः तो दिवाच असतो : छोट्या स्टेअरिंगचं चित्र आणि बहुतेक वेळा शेजारी उद्गारचिन्ह.

आता तुम्ही म्हणाल, मग चालक त्याकडे लक्ष का देत नाहीत? त्यालाही कारण आहे. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ नियमांच्या गाड्या आल्या. धूर कमी करण्यासाठी त्यांत कितीतरी नवे सेन्सर बसवावे लागले आणि सेन्सरबरोबर मीटरमधले दिवेही वाढले. चिंचोळ्या रस्त्यांवर हळूहळू चालणाऱ्या गाडीत धूर गाळणारी जाळी भरली की दिवा, आणखी कशानं तरी दुसरा दिवा. एखादा दिवा महिनाभर लागूनही गाडी पळत राहते. मग नजर सरावते. 'लागतो अधूनमधून, काही होत नाही' असं म्हणायची सवय जडते. त्या गर्दीत स्टेअरिंगचा दिवा लागला तरी तोही त्यातलाच एक वाटतो.

तो त्यातला नाही. दिव्यांचे रंग तरी पाठ करा. हिरवा आणि निळा नुसती माहिती देतात. पिवळा म्हणजे लवकरात लवकर तपासून घ्या. लाल म्हणजे सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवा. आणि स्टेअरिंगचा किंवा ब्रेकचा दिवा असेल, तर पिवळा असला तरी भाडं भरण्याआधी तपासणी करा.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. एक तरुण चालक गाडी घेऊन आला. आधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एका ठिकाणी स्कॅनर लावून दिवा घालवून दिला, तो तीन दिवसांनी परत लागला. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, की मोटरसकट अख्खा स्टेअरिंग कॉलम बदलावा लागेल. खर्चाचा आकडा त्याच्या गाडीच्या दोन हप्त्यांहून मोठा. मी विचारलं, "दिवा कधी लागतो?" तो म्हणाला, "काका, रात्री गाळ्यावर गाडी रिव्हर्स लावताना. रस्त्यावर कधीच नाही."

रोगाचा पत्ता या उत्तरातच होता. रिव्हर्स लावताना मोटर सगळ्यात जास्त करंट मागते. इंजिन त्या वेळी सावकाश फिरत असतं, म्हणून अल्टरनेटर कमी वीज देतो. वर हेडलाइट आणि पंखा चालू. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत, ते दिसत होते. मग मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी गाडीच्या बॉडीला लावली आणि त्याला स्टेअरिंग फिरवायला सांगितलं. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं होतं, दिसले दीड व्होल्ट. अर्थच्या पट्टीच्या नटाखाली हिरवा गंज चढला होता आणि त्याच नटाला बाहेरून बसवलेल्या हॉर्नची आणि जादा एलईडी दिव्यांची वायर गुंडाळून ठेवलेली होती. पट्टी साफ केली, नट आवळला, जादा वायरी वेगळ्या करून त्यांना स्वतंत्र रिले आणि फ्यूज दिला. दिवा परत लागला नाही. स्टेअरिंगचा कॉलम ठणठणीत होता. खराब होती ती त्याची वीज.

हे दुखणं फक्त आपल्या खेड्यापाड्यांतल्या जोडकामाचं आहे, असं समजू नका. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या सिल्व्हेराडो आणि सिएरा या मोठ्या पिकअप फार खपतात. या कंपनीनं २०१४ सालच्या अशा सुमारे ७ लाख गाड्या २०१७ मध्ये दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. पुढे सप्टेंबर २०१८ मध्ये २०१५ सालच्या पिकअप आणि त्याच घराण्यातल्या मोठ्या गाड्या मिळून आणखी १० लाखांहून अधिक बोलावल्या. दोष काय होता? कमी वेगात वळताना व्होल्टेज खाली यायचं, स्टेअरिंगची मदत क्षणभर बंद व्हायची आणि लगेच एकदम परत यायची. मदत जाण्याइतकंच तिचं अचानक परत येणंही वाईट. जड झालेलं स्टेअरिंग चालक जीव खाऊन ओढत असतो, त्याच क्षणी ते हलकं झालं तर गाडी हवी त्यापेक्षा जास्त वळते. २०१८ च्या त्या घोषणेच्या वेळी ३० अपघात आणि २ जखमी अशी नोंद कंपनीकडे होती, सुदैवानं मृत्यू नव्हता. या गाड्यांवरचा इलाज होता तो ईसीयूमधली आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, बदलण्याचा.

म्हणूनच दिवा घालवून देण्याला माझा विरोध आहे. दिवा लागतो तेव्हा ईसीयू आपल्या स्मरणात दोषाचा एक कोड लिहून ठेवतो. बऱ्याच गाड्यांत त्या क्षणी वेग किती होता, व्होल्टेज किती होतं, हेही लिहिलेलं असतं. स्कॅनरनं कोड पुसला की दिवा जातो आणि त्याबरोबर ही नोंदही जाते. दोष मात्र आहे तिथेच राहतो. तेव्हा मेकॅनिकला सांगा, की आधी कोड वाच, कागदावर लिहून दे, कारण शोध, काम कर आणि मग पुसून टाक. तो कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवा.

कामाची सुरुवातही स्वस्तापासून करायला सांगा. आधी बॅटरी आणि तिची टर्मिनलं, मग अर्थच्या पट्ट्या, अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा, फ्यूज, वायरींचे कपलर. गाडी धुताना जोराचं पाणी कपलरमध्ये शिरतं. उसाच्या पट्ट्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात. बॅटरी काढून जोडली तरी काही गाड्यांत हा दिवा लागतो आणि कंपनीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवलं की जातो. गाडी अडचणीच्या जागेत पुन्हा पुन्हा मागेपुढे केली तर मोटर तापते आणि स्वतःला वाचवायला जोर कमी करते, थंड झाली की पूर्ववत होते. हे सगळं पाहून झाल्यावर कॉलमचं बोलावं.

चालत्या गाडीत स्टेअरिंग जड झालं तर काय करायचं? दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरा. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढा, वेग कमी करा, इंडिकेटर देऊन गाडी कडेला घ्या. चावी बंद करायची ती गाडी पूर्ण थांबल्यावरच. डिझेल वाचवायला घाटात चावी बंद करून गाडी सोडणारे काही बहाद्दर आहेत, त्यांना हात जोडून सांगतो. चावी बंद केली की स्टेअरिंगची मदत जाते, ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार वेळा पाय दाबताच संपते, आणि चावी बाहेर निघाली तर स्टेअरिंग खरोखरच लॉक होऊ शकतं. वाचलेल्या डिझेलचा हिशेब करायला माणूस जागेवर राहिला पाहिजे.

दिव्यालाही सगळं दिसत नाही. बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं, ढिले बोल्ट यांवर सेन्सर नसतो. स्टेअरिंगमध्ये ढिलेपणा जाणवला, गाडी एका बाजूला ओढायला लागली, टायर एकाच कडेला झिजले, तर दिव्याची वाट पाहू नका. जुनी पिकअप विकत घेताना तर आधी नुसती चावी फिरवून बघा. सगळे दिवे क्षणभर लागून विझले पाहिजेत. विजेचं स्टेअरिंग असलेल्या गाडीत त्याचा दिवा लागलाच नाही, तर तो कुणीतरी बंद करून ठेवला असण्याची शक्यता आहे. सौदा तिथेच थांबवा.

शेवटी हक्काची गोष्ट. एकाच मॉडेलच्या गाड्यांत एकच दोष पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर तो तुमच्या नशिबाचा भाग नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार कंपनीला देऊ शकतं. ७ वर्षांपेक्षा जुन्या नसलेल्या गाड्यांना हे लागू आहे. दंड १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत आहे. पण त्यासाठी मालकांच्या तक्रारी नोंदलेल्या असाव्या लागतात. सरकारच्या 'वाहन' संकेतस्थळावर तक्रार करण्याची सोय ठेवलेली आहे. तुम्ही जपून ठेवलेला कोडचा कागद तिथे कामाला येईल. दिवा मुकाट्यानं पुसून घेणाऱ्या शंभर मालकांची कुठेच नोंद होत नाही, आणि मग कंपनीला वाटतं, की सगळं ठीक चाललंय.

तेव्हा पुढच्या वेळी गॅरेजमध्ये गेलात, तर 'दिवा घालवून द्या' असं म्हणू नका. 'दिवा का लागला ते शोधून द्या' असं म्हणा. गाडीतला माल तुमचा असेल किंवा दुसऱ्याचा, पण स्टेअरिंगवर बसलेल्या माणसाची घरी कुणीतरी वाट पाहत असतं.