बालकाचा खोकला आणि पालकांचा प्रश्न



स्मृतिव्याख्यानात एखादा गहन विषय मांडावा, अशी प्रथा आहे. मी मात्र घरोघरी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाकडे वळतो : "लेकराला खोकला झाला आहे, कोणते औषध द्यावे?" पांढुर्णा-सौसरकरांसाठी २०२५ नंतर हा प्रश्न साधा राहिलेला नाही.

त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या परासिया भागात सर्दी-तापाने आजारी असलेली बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. अनेकांना नागपूरला हलवूनही यश आले नाही. वीसहून अधिक बालके गेली. छिंदवाड्याबरोबर बैतूल आणि आपल्या पांढुर्णा जिल्ह्यातील घरांवरही हा आघात झाला. 'कोल्ड्रिफ' या खोकल्याच्या औषधात तामिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाला ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. मान्य मर्यादा आहे ०.१ टक्का. ४ ऑक्टोबरला मध्यप्रदेशात या औषधावर बंदी आली.

हे विष नवे नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत त्याने शंभरावर बळी घेतले. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. पातळ औषधात वापरल्या जाणाऱ्या ग्लिसरीनसारखेच ते दाट, गोड आणि रंगहीन असते. आईने बाटलीवरील अक्षर न् अक्षर वाचले, तरी ते तिला ओळखता येणार नाही. तो दोष पकडणे हे कारखान्याचे आणि शासनाचेच कर्तव्य होय.

मग पालकांच्या हाती काय उरते? अनावश्यक औषध टाळणे. साधा सर्दी-खोकला बहुधा आपोआप बरा होतो. पाच वर्षांखालील मुलांना खोकल्याची पातळ औषधे सामान्यतः देऊ नयेत आणि दोन वर्षांखालील मुलांना तर मुळीच देऊ नयेत, असा केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाचा सल्ला आहे. अंगावरचे दूध, कोमट पाणी आणि विश्रांती पुष्कळदा पुरते. वर्षाखालील बालकाला मात्र मध चाटवू नये.

परंतु औषध टाळणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. एक ते पाच वर्षांच्या शांत बसलेल्या मुलाचा श्वास मिनिटाला चाळीस किंवा अधिक वेळा होत असेल, छाती आत ओढली जात असेल, मूल पीत नसेल वा गुंगीत असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. औषधानंतर उलट्या सुरू झाल्या, लघवी कमी झाली किंवा थांबली, तर सकाळची वाट पाहू नये. बाटलीही सोबत न्यावी.

"डॉक्टरसाहेब, हे औषध खरोखर आवश्यक आहे काय?" असे विचारण्यात अविश्वास नाही. प्रश्न विचारण्याची सवय शाळाच लावते. ती सवय दवाखान्याच्या दारात आपण सोडू नये, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.